दाराचा आवाज

लग्नाची पंगत असो की दुकानाची गादी, चार पुरुष बसले आणि विषय गाडीवर आला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "काही म्हणा, जर्मन गाडी ती जर्मन गाडी!" मग त्यातला एक जण हवेतच दार लोटल्यासारखा हात करतो आणि तोंडाने 'धप्प' असा आवाज काढतो. मारुतीचं दार म्हणे 'खट्ट' वाजतं. झालं, लागला निकाल. मी डिचोलीत राहते, गाडी स्वतः चालवते, आणि हा निकाल मला मान्य नाही. मर्सिडीज-बीएमडब्ल्यूची गोष्ट सोडा, ती आपल्या हिशेबातली नव्हे. पण फोक्सवॅगनसारखी चारचौघांना परवडणारी जर्मन गाडी सुझुकी, ह्युंदाई, टोयोटाहून जात्याच सरस, हे पेडणे-डिचोलीच्या रस्त्यांवर तरी खरं नाही. आणि जिथे ती सरस आहे, तिथे ती जर्मन आहे म्हणून नव्हे.

आधी पत्र्याचं बोलू, कारण सगळा अभिमान त्यावर उभा आहे. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्या भिंतीवर आदळून पाहिल्या. मारुती अल्टो, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-टेन, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. हो, पोलोलासुद्धा. तिचा सांगाडा मजबूत होता हे खरं, पण आपल्याकडच्या सर्वांत स्वस्त पोलोत एअरबॅगच नव्हती. युरोपात असली गाडी विकायची कंपनीची छाती झाली नसती. निकाल बाहेर येताच कंपनीने दोन एअरबॅगा सगळ्या पोलोंत घातल्या आणि तीच गाडी चार तारे घेऊन आली. मधल्या काळात जर्मनी बदलली नव्हती, पोलाद बदललं नव्हतं. फक्त चारचौघांत लाज गेली होती.

उलटी बाजूही बघा. पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी टाटाची नेक्सॉन, २०१८ सालची. फोक्सवॅगनच्या टायगुनला ते तारे २०२२ मध्ये मिळाले आणि व्हर्टसला २०२३ मध्ये. ज्या मारुतीची स्विफ्ट २०२२ मध्ये एका ताऱ्यावर अडकली, तिच्याच नव्या डिझायरने २०२४ मध्ये पाच मिळवले. म्हणजे पाच तारे कुणाच्या रक्तात नसतात. कायद्याने कान धरला, गिऱ्हाइकाने विचारलं, की ते येतात. पण विचारतो कोण? एका शोरूममध्ये मी विचारलं, "सर्वांत खालच्या मॉडेलात एअरबॅगा किती?" त्या मुलाने माझ्या नवऱ्याकडे बघून उत्तर दिलं, "सर, सनरूफ आहे!" गाडी मी चालवणार, शेजारच्या सीटवर सासूबाई बसणार, आणि आम्हाला दाखवलं काय, तर आभाळ.

यावर दुसरा युक्तिवाद येतो तो सचोटीचा. "जर्मन माणूस फसवत नाही हो." २०१५ साली अमेरिकेत उघडकीला आलं की फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर घातलं होतं, की तपासणीपुरता धूर कमी व्हावा आणि रस्त्यावर हवा तेवढा सुटावा. आपल्याकडेही तीन लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. मग आशियाई तरी साधू आहेत का? मुळीच नाही. ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत मायलेज फुगवून सांगितलं आणि २०१४ मध्ये दंड भरला. टोयोटाच्या पोटातल्या दाइहात्सूने सुरक्षिततेच्या चाचण्यांतच लबाडी केल्याचं २०२३ च्या डिसेंबरात बाहेर आलं. ६४ मॉडेलं त्यात अडकली. जपानच्या ताकाताच्या एअरबॅगा तर जीव वाचवायच्या जागी फुटून माणसांच्या अंगात लोखंड घुसवू लागल्या. एकाने धुरात खोटं केलं, दुसऱ्याने मायलेजात, तिसऱ्याने जिवाच्या चाचणीत. तेव्हा देशाचं नाव सांगून कुणी सचोटी विकायला आला, तर त्याला आल्या वाटेने परत पाठवावं.

आता जे द्यायला हवं ते देते. चोर्ला घाट चढताना, बेळगावच्या वाटेवर, जर्मन टर्बो इंजिनाची ताकद कळते. ट्रक ओलांडताना श्वास रोखावा लागत नाही. वळणावर गाडी अंग टाकत नाही. मोठ्या रस्त्यावर ती अशी चिकटून धावते की शंभराचा वेग साठासारखा वाटतो. हा गुण खराच. पण तो कशासाठी घडवला? जिथे मैलोन्‌मैल वेगाला मर्यादा नाही, कडेला माणूस नाही, गुरं नाहीत, त्या जर्मन महामार्गासाठी. आमच्या पेडण्यात पत्रादेवीपासून सुरू होणारा रस्ता आठवा. मालपेला पावसात दरड येते. धारगळला जोडरस्त्यावरून स्कूटर सरळ महामार्गावर उतरते. साखळी-डिचोलीकडे वळणामागे कधी टिपर असतो, कधी रवंथ करत बसलेली गाय. इथे शंभराचा वेग साठासारखा वाटणं हा गुण नव्हे, घात आहे. ज्या रस्त्यावर चाळीसनेच जायला हवं, तिथे चाळीस हे चाळीसच वाटलं पाहिजे.

आणि गाडी बिघडली तर? 'धप्प' आवाजवाले इथे गप्प होतात. फोक्सवॅगनचा सात गिअरांचा डीएसजी गिअरबॉक्स हुशार खरा, पण त्यातल्या दोषापायी २०१३ मध्ये कंपनीला जगभरातून सोळा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. असल्या हुशारीला उपचारही हुशारच लागतो. तो डिचोलीच्या बाजारात मिळत नाही, पणजी-मडगावची वाट धरावी लागते. मारुतीचा क्लच मात्र गावातला मिस्त्री दुपारी खाली काढतो आणि संध्याकाळी बसवून देतो. देशात विकल्या जाणाऱ्या दर शंभर गाड्यांत चाळीसच्या आसपास मारुतीच्या असतात. फोक्सवॅगन आणि तिची बहीण स्कोडा मिळून दोनच्या आसपास. ज्याची गिऱ्हाइकं गल्लोगल्ली, त्याचे स्पेअरही गल्लोगल्ली. त्यात हुशारी नाही, साधा बाजार आहे.

हा फरक कुणाला भोवतो? ज्याच्या घरी दोन गाड्या आहेत त्याला नाही. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. ज्यांच्या जमिनी, काजूच्या बागा त्यात गेल्या, त्या पेडण्याच्या घरांतली मुलं कर्ज काढून टॅक्सी घेऊन तिथे उभी आहेत. गाडी चार दिवस गॅरेजात राहिली तर चार दिवसांची भाडी बुडतात, हप्ता मात्र बुडत नाही. डिचोलीला हे नव्याने सांगायला नको. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा दारात उभ्या असलेल्या ट्रकांचे हप्ते कसे फिटले, ते इथल्या बायकांच्या गळ्यांना विचारा. मंगळसूत्रं उगाच गहाण पडत नाहीत. गोव्यात दर शंभर घरांपैकी ४५ घरांत कार आहे. देशात हे प्रमाण आठाच्याही आत. ही काही सगळी श्रीमंती नव्हे. दिवस मावळला की वाड्यावर बस येत नाही, म्हणून कार. अशा घराला दाराचा आवाज काय उपयोगाचा? सकाळी किल्ली फिरवल्यावर इंजिनाचा आवाज आला म्हणजे पुरे.

गंमत अशी, की जर्मनांनाही हे कळत होतं. २००९ च्या डिसेंबरात फोक्सवॅगनने सुझुकीचे जवळजवळ वीस टक्के शेअर घेतले, कारण स्वस्त छोटी गाडी कशी करावी आणि भारतात कशी विकावी, ते सुझुकीला येत होतं. पण जर्मन थोरल्या भावासारखे वागू लागले. सुझुकीने २०११ मध्ये घटस्फोट मागितला, लवादात भांडून २०१५ मध्ये मिळवला. ज्यांना आपण पंगतीत गुरू ठरवतो, ते शिकायला गेले होते, आणि शिकवणी अर्धीच राहिली.

जर्मन गाडीने आपल्याकडे खरं नाव कमावलंच आहे, पण ते नाव आपण विसरलो. हँबर्गच्या एका कंपनीच्या वाहनाचं नाव होतं 'टेम्पो'. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली तिच्याशी करार करून बजाज टेम्पो काढली. फिरोदिया अहमदनगरचे, आमच्या जैन समाजातले. ती तीन चाकांची गाडी इतकी राबली की ब्रँडचं नाव मराठीतलं सामान्यनाम होऊन बसलं. आज भाजी टेम्पोने येते, चवथीला गणपती टेम्पोने येतो, मुलीचं रुखवत टेम्पोने जातं. मग तो टेम्पो कुठल्याही कंपनीचा असो. या जर्मन गाडीचं कौतुक पंगतीत कुणी केलेलं मी ऐकलं नाही. कारण तिच्या दाराला धड आवाज नव्हता, आणि ती मालाला होती, मानाला नव्हती.

म्हणजे प्रश्न गाडीचा नाहीच, मानाचा आहे. आमच्यात दशलक्षण पर्वाच्या नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य धर्मावर प्रवचन होतं: माझं असं काही नाही. ते ऐकून माणसं मंदिराबाहेर येतात आणि कुणाची गाडी कुणाच्या गाडीशेजारी लागली आहे ते बघतात. ताटात बटाटा आला तर हात आखडणारे आम्ही टॉप मॉडेलच्या लेदरच्या सीटवर निवांत बसतो. ते कातडं कुणाचं, हे विचारत नाही. हा दोष जर्मनांचा नाही, जपान्यांचाही नाही. तो पूर्णपणे स्वदेशी आहे.

शेवटची गोष्ट, आणि माझ्या लेखी सगळ्यांत मोठी. गाडी चांगली की वाईट हे आपण आत बसून ठरवतो. गोव्याच्या रस्त्यांवर दरवर्षी अडीचशेहून अधिक माणसं मरतात आणि त्यांत बहुतेक दुचाकीवरची असतात. आमचे साधू-साध्वी अनवाणी विहार करतात. पहाटेच्या अंधारात महामार्गाच्या कडेने चालताना ते वाहनाखाली सापडल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. मागून येणारी गाडी चाकणमध्ये घडली की मानेसरमध्ये, तिच्या तोंडावरचा बिल्ला कुठल्या देशाचा, हे कडेने चालणाऱ्याला कळायला वेळच मिळत नाही. आतल्याला पाच तारे असतात, बाहेरच्याला एकही नसतो. तेव्हा उद्या कुणी विचारलं, "ताई, कुठली गाडी घेऊ?" तर मी म्हणेन, खालच्या मॉडेललाही पाच तारे असलेली घे, तुझ्या गावच्या मिस्त्रीला उघडता येईल अशी घे, आणि जिचा वेग तुला पायात जाणवेल अशी घे. एवढं सगळं जुळून ती जर्मन निघाली, तर जर्मन घे. माझं जर्मनांशी वैर नाही. माझं भांडण त्या पंगतीतल्या वाक्याशी आहे.