डाग दिसू दे, मुंगीही दिसू दे



न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीनं परवा फोटो पाठवले. स्वयंपाकघर नवं करतेय. ओट्याला सोपस्टोन, त्याला तेल चोळून आणलेला काळाभोर रंग, कपाटं गडद हिरवी, भिंत कोळशासारखी. "मावशी, कसं दिसेल?"

दिसेल छानच. तरी मी लिहिलं, "असं करू नकोस." ती रुसली. तिला जे सांगितलं तेच इथं सांगते, कारण आपल्या सांगली-कोल्हापुरात तरी वेगळं काय चाललंय? ज्या नव्या घरी वास्तुशांतीला जावं तिथं काळा ग्रॅनाइट आणि गडद लॅमिनेट. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "डाग दिसत नाहीत ना!"

अहो, जिथं डाग दिसत नाही तिथं मुंगीही दिसत नाही.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, चुकून शिकले म्हणून सांगते. चार वर्षांपूर्वी मीही काळा चकचकीत ओटा करून घेतला. चिमणीसाठी खिडकी निम्मी झाली, तेही चालवून घेतलं. पुढं गावात मुनिसंघाचा चातुर्मास होता. आमच्याकडे चौका लागला. पहाटे उठून पाणी गाळलं, धान्य शोधलं, सगळं सोवळ्यात. शेवटी पांढऱ्या ओल्या फडक्यानं ओटा पुसला, आणि फडक्यावर मुंग्या आल्या. मेलेल्या. आदल्या दिवशी गुळाचा थेंब सांडला असणार. त्यावर लागलेल्या रांगेवर मी पातेली ठेवत होते, उचलत होते. ओट्यानं मला काही दाखवलं नाही, दाखवलं ते फडक्यानं. त्या दिवशी मी पडगाहनाला उभी राहिले नाही.

आदाननिक्षेपण समिती आपण पाठशाळेत पाठ केली. वस्तू उचलताना, ठेवताना पाहून उचलावी, पाहून ठेवावी. समिती मुनींची खरी, पण श्राविकेनं तिचा अभ्यास करायचा तो कुठं? दिवसातून शंभर वेळा भांडी उचलायची-ठेवायची जागा ओटाच ना? मग तो निवडताना "दिसेल का?" हा प्रश्न ओट्याबद्दल नको, ओट्यावरच्या जीवाबद्दल हवा.

कुणी म्हणेल, संसारात आरंभी हिंसा होतेच. होते. पण गडद, बंद, अंधाऱ्या कपाटांमागं झुरळं वाढतात, मग आपण फवारणीवाल्याला फोन करतो. ती आरंभी हिंसा नव्हे, संकल्पीच. मारायचं ठरवून मारणं. आणि "आम्ही कुठं मारलं, त्या माणसानं मारलं" हेही नको. कृत, कारित, अनुमोदना, तिन्ही आपल्याच खात्यावर. आमच्या घरी फवारणी झाली तेव्हा मी बाहेरच्या खोलीत गप्प बसले होते. ते गप्प बसणं कोणत्या खात्यात जातं, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

म्हणून दुकानात दगड पसंत करू नका. तुकडा घरी आणा. संध्याकाळी, आपल्या जेवणाच्या वेळेच्या उजेडात, त्यावर चिमूटभर मोहरी आणि चिमूटभर रवा टाका. काळ्यावर मोहरी हरवते. ठिपक्याठिपक्यांच्या ग्रॅनाइटवर दोन्ही हरवतात, तो तर सगळ्यात वाईट. चकाकीत दिव्याचं प्रतिबिंब पडतं, त्याखालीही काही कळत नाही. फिका, एकरंगी, बिनचकाकीचा दगड असेल तर बारीक लाल मुंगीसुद्धा दिसते.

आता सोपस्टोनचं. तो दगड वाईट मुळीच नाही. शंखजिरं ज्या खनिजाचं असतं तेच त्यात भरपूर, म्हणून मऊ. हळेबीडच्या पार्श्वनाथ बस्तीतले आरशासारखे खांब पाहिलेत ना? ती बस्ती ११३३ सालची, आणि खांब याच जातीच्या दगडाचे. पाणी त्यात मुरत नाही, लिंबू-चिंचेनं संगमरवरासारखा तो खात नाही, तापलेलं पातेलं सोसतो. चरा पडला तर बारीक पॉलिश पेपरनं घासून जातो. पण मूळचा तो राखाडी असतो, काळा करतो आपण, तेल चोळून. भाचीला म्हटलं, दगड घे, तेल लावू नकोस. फोडणीचे थेंब गडद उमटतील, साबणानं घास. थोडे राहिले तर राहू दे. आणि शिरा कमी असलेला तुकडा निवड, नाहीतर मुंगीची रांगही शीरच वाटेल.

रंगाचं तर सोपं आहे. भिंत पांढरी किंवा फिकी सायीसारखी, धुता येईल असा रंग. कपाटांच्या आतून पांढरं लॅमिनेट, कारण जीव आतच असतात. आणि खिडकी कुठल्याही चिमणीसाठी लहान करू नका. सूर्यास्ताआधी जेवायचा नेम असलेल्या घरात चार वाजता दिवा लावून स्वयंपाक करावा लागत असेल, तर ते घर आपल्यासाठी बांधलेलं नाही.

"आमच्या आजीचं स्वयंपाकघर तर धुरानं काळं होतं," असंही कुणी म्हणेल. होतं. पण धूर तिनं पैसे देऊन विकत आणला नव्हता. जमेल तेव्हा ती चुना लावायची आणि उजेडात बसून शोधायची. आपण लाखो रुपये देऊन अंधार आणतो, आणि वर त्याला आवड म्हणतो.

माझा ओटा अजून काळाच आहे. लगेच बदलणं परवडणारं नाही. तोवर पातेलं ठेवण्याआधी प्रत्येक वेळी पांढरं फडकं हळूच फिरवते, आणि फडक्याकडे बघते. ज्यांचं काम अजून सुरू व्हायचंय, त्यांनी तरी माझ्यासारखं करू नये.

भाचीचा काल रात्री निरोप आला. मोहरी टाकून बघितली म्हणे.

जय जिनेंद्र.