सडपातळ शरीराचा भरवसा नको

मा. संपादक,


ब्रिटनमधल्या भारतीयांना मधुमेह होतो तो तूप-मिठाईच्या सवयीने, हा गेल्या अंकातील लेखाचा निष्कर्ष अर्धवट आहे. तळणीला आवर हवाच. पण सगळा दोष ताटाला देऊन चालणार नाही.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं होतं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2! सारख्याच बीएमआयला दक्षिण आशियाई लोकांना मधुमेहाचा धोका जास्त असतो, म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य-मार्गदर्शन संस्थेने 2013 मध्ये त्यांच्यासाठी बीएमआयची जोखमीची रेषा 25 वरून 23 वर आणली. लेखात याचा उल्लेखही नाही.

लेखातला ‘ही मंडळी ऐकत नाहीत’ हा शेरा तर अन्यायकारकच. स्कॉटलंडमधल्या ‘पोडोसा’ प्रयोगात आहारतज्ज्ञ तीन वर्षांत 15 वेळा भारतीय-पाकिस्तानी कुटुंबांच्या घरी गेले आणि स्वयंपाक करणाऱ्यालाही चर्चेत बसवलं. डब्यातून थेट कढईत ओतलं जाणारं तेल कमी करायचं, तर बोलायला हवं ते त्याच व्यक्तीशी. कमी भेटी मिळालेल्या गटापेक्षा या लोकांचं वजन सरासरी 1.6 किलोने घटलं. सहभागी केवळ 171 होते, त्यामुळे मधुमेह टळतोच असं त्यावरून म्हणता येत नाही. पण लोक ऐकतात, एवढं नक्की दिसतं.

नुसत्या बीएमआयवर विसंबून चालत नाही, म्हणून पुढच्या अंकात कमरेच्या घेराची मर्यादा ठळक छापावी: दक्षिण आशियाई पुरुषांसाठी 90 सेंमी, स्त्रियांसाठी 80.

– एक वाचक, पुणे