उंदीरमामा, बागुलबुवा आणि मुरकी

सहाव्या-सातव्या वर्षी दुधाचे दात पडायला लागतात. आपल्या कमलनगरकडं तो दात शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर फेकतात, नाहीतर बिळात टाकतात. उंदीरमामा तो नेतो आणि आपल्यासारखा बारीक, धारदार दात देतो, असं लेकरांना सांगतात. यात वाईट काहीच नाही. पण तिसऱ्या दातापर्यंत लेकरू विचारात पडलेलं असतं. बिळाशी उकिडवं बसून ते आत डोकावतं आणि विचारतं, "आज्जी, उंदरानं आधीचे दात ठेवले कुठं?"

यावर घरातून काय उत्तर मिळतं? "लई शहाणा झालास! मोठ्यांना उलटून विचारतोस?" कुठं कुठं पाठीत धपाटाही बसतो. माझा आरोप या धपाट्यावर आहे.

त्या लेकरानं स्वतः पाहिलं, ऐकलेल्याशी ताडून बघितलं आणि जिथं जुळेना तिथं बोट ठेवलं. शाळेत हेच शिकवायला आपण मास्तर नेमतो आणि घरी तेच केलं म्हणून मारतो.

उंदीरमामा निदान प्रेमाचा तरी आहे. बागुलबुवाचं तसं नाही. जेवत नाहीस? पोतंवाला बाबा पोत्यात घालून नेईल. झोपत नाहीस? पोरं धरणारा आला बघ. बागुलबुवाला चेहरा नसतो, म्हणून आपण त्याला दारात आलेल्या पोतराजाचा, नंदीवाल्याचा, झोळीवाल्या फकिराचा चेहरा देतो. पसाभर पीठ मागणाऱ्या माणसाकडं, तो ऐकत असताना, बोट दाखवून सांगतो की हा तुला नेणार. एखादं धीट लेकरू म्हणतं, "त्याच्या झोळीत तर पीठच आहे की." त्यालाही आपलं उत्तर एकच: गप बस.

अशी गप्प बसवलेली लेकरं मोठी होतात आणि त्यांच्या हाती मोबाइल येतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, साक्री तालुक्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना पोरं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. त्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते. १३ जुलैला आपल्याच भागात, तेव्हा औराद तालुक्यात असलेल्या मुरकीत, हैदराबादच्या एका तरुण संगणक अभियंत्याचा तसाच जीव गेला. मित्रांबरोबर पाहुणा म्हणून आलेला तो. वाटेत शाळेतल्या मुलांना चॉकलेट दिलं, एवढंच निमित्त झालं. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली हे खरं. पण पोरं धरणाऱ्याचं बी आपण चुलीपाशी कधीच पेरून ठेवलं होतं. चॉकलेट देणारा माणूस पोरं पळवतो कशावरून, हे त्या गर्दीत कुणी विचारलं असतं तर? विचारायची सवय आपण मोडली होती. जमाव अडाणी होता असं म्हणून मी त्याला सोडणार नाही, आणि त्याला वाढवणाऱ्या घरांनाही नाही.

काही जण म्हणतात, धाक नसेल तर लेकरं हाताबाहेर जातील. त्यांनी बसवण्णांना आठवावं. बसवण्णांनी लहान वयातच मुंज नाकारली, असं परंपरा सांगते. बाराव्या शतकात त्यांच्या कल्याणात, आपल्याच जिल्ह्यातल्या आजच्या बसवकल्याणात, चांभार, नावाडी आणि बायका धर्माविषयी प्रश्न विचारत बसत. त्यांच्या जयंतीला मिरवणूक काढायची आणि घरातल्या लेकराची शंका दाबायची, हा दुटप्पीपणा आहे. हे काम कायद्यावरही सोडता येत नाही. भोंदूगिरीविरुद्ध महाराष्ट्रानं २०१३ मध्ये कायदा केला, कर्नाटकानं २०१७ मध्ये. भानामतीच्या नावानं नाडणाऱ्याला कायदा धरील. आजीनं झोपताना घातलेली भीती तो कशी धरणार? ते काम घरानंच करायचं आहे.

तेव्हा लेकरानं उंदीरमामाबद्दल विचारलं तर आधी त्यालाच विचारा, "तुला काय वाटतं?" पुष्कळदा उत्तर त्याच्याकडं तयार असतं, बोलायला फक्त मुभा हवी असते. मग खरं सांगा: ही आपल्या घरातली गंमत आहे, आजीला तिच्या आजीनं सांगितलेली. पडलेला दात फेकण्याआधी त्याच्या तळहातावर ठेवा. त्याला मूळ जवळजवळ नसतंच, कारण खालून वर येणाऱ्या पक्क्या दातामुळं ते झिजून गेलेलं असतं. आरशासमोर नेऊन हिरडीतून डोकावणारं नवं टोक दाखवा. उंदरापेक्षा ही गोष्ट कमी नवलाची नाही. धाकटीला इतक्यात सांगू नको, तिला शंका येईल तेव्हा तूच सांग, असं म्हणा. थोरल्याला ते काम मनापासून आवडतं.

पोतंवाल्या बाबाच्या बाबतीत एवढ्यानं भागणार नाही. ते खोटं होतं आणि आम्ही चुकलो, हे आईबापांनी लेकरापुढं कबूल केलं पाहिजे. अनोळखी माणसाबरोबर कुठं जायचं नाही, हे जरूर शिकवा, पण कारण सांगून, कुणाच्या वेशाकडं किंवा जातीकडं बोट न दाखवता. आणि दारात नंदीवाला आला तर पिठाची वाटी लेकराच्याच हातात द्या. त्याचं गाव कोणतं, घरी लेकरं किती, हे त्यालाच विचारू द्या.