जुनी पत्रं रद्दीत घालण्यापूर्वी

घर बदलायचं ठरलं किंवा घरातलं वडीलधारं माणूस गेलं, की माळ्यावरची ट्रंक खाली येते. तारेला अडकवलेली पोस्टकार्डं, आंतर्देशीय पत्रं, कुठल्याशा मंडळाचा पत्रव्यवहार असं काय काय तीतून निघतं. घराचे, शेताचे कागद लगेच बाजूला ठेवले जातात. पत्रांचं मात्र "आता कोण वाचणार?" म्हणत रद्दीवाल्याच्या तराजूत वजन होतं. त्यातही आधी जातात ती बाईला माहेरहून आलेली पत्रं. म्हणूनच आज जरा लांबची, पण आपल्या उपयोगाची गोष्ट सांगते.

देवाचं नाव लिहिलेला कागद फेकायचा नाही, अशी ज्यू लोकांची रीत आहे. असे कागद सिनेगॉगमधल्या कोठीत साठवायचे आणि पुढे रीतसर पुरायचे. या कोठीला गेनिझा म्हणतात. आपण पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहितो, तसं त्यांच्या साध्या पत्रांतही देवाचं नाव येई. जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये बायकांच्या सज्जाच्या टोकाला अशी कोठी होती. तिथले कागद पुरायचे राहूनच गेले आणि इजिप्तच्या कोरड्या हवेत शतकानुशतकं टिकले.

१८९६ साली ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी प्रवासातून काही जुनी पानं केंब्रिजला आणली. दोघी विधवा, विद्यापीठाची पदवी नाही. पण अरबी, सीरियाक भाषा मेहनतीनं शिकलेल्या. त्यातलं एक पान पाहून केंब्रिजचे पंडित सॉलोमन शेक्टर थेट कैरोला गेले. त्यांनी आणलेले जवळजवळ १,९३,००० तुकडे आज केंब्रिजच्या ग्रंथालयात आहेत. त्यांत धर्मग्रंथ आहेत तशीच घरगुती पत्रं, गरिबांना वाटलेल्या भाकरीच्या याद्या आणि मदतीचे अर्जही आहेत. बाराव्या शतकात मंगळूरला राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजू याला एडनहून कागद, साखर, मनुका येत, हेही अशा पत्रांतूनच कळलं.

त्यातलं एक पत्र सुमारे ११७० सालचं आहे. मैमोनिदीस या थोर धर्मपंडिताचा धाकटा भाऊ डेव्हिड व्यापार करून घर चालवी. लाल समुद्राकाठच्या बंदरातून त्यानं भावाला लिहिलं, की मी वाळवंटातून सुखरूप आलो, आता समुद्रमार्गे हिंदुस्थानला निघतोय, काळजी करू नका, घरच्यांना धीर द्या. डेव्हिड वाटेतच बुडाला. मागे बायको आणि लहान मुलगी राहिली. मैमोनिदीस वर्षभर अंथरुणाला खिळले. भावाचं अक्षर नजरेस पडलं की आजही काळीज हलतं, असं त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी एका पत्रात कळवलं होतं. आठशे वर्षांमागचा तो पंडित आणि आईचं पोस्टकार्ड हातात घेऊन बसलेली आपल्यातली एखादी, यांत फरक तो काय?

संस्थांच्या पत्रांचंही तसंच. ठिकठिकाणच्या ज्यू समाजांचे दफ्तर सांभाळणारं मोठं अभिलेखागार जेरुसलेमला १९३९ साली निघालं. कारण माणसं विखुरली, की मागे राहतात ते कागदच. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल मंडळींची मातृभाषा मराठी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळजण इस्रायलला गेले. तिकडे वाढलेल्या नातवंडांचं शिक्षण हिब्रूत झालं, आजीचं मराठी अक्षर त्यांना कसं लागावं? आपल्याकडेही पणजोबांची मोडी कोणाला वाचता येते? तेव्हा वाचणारं माणूस आहे तोवर पत्र स्वच्छ अक्षरात उतरवून ठेवणं, हे पहिलं काम.

आता घरातली काळजी. आपल्याकडे चार महिने पाऊस, त्यामुळे इजिप्तच्या हवेचा भरवसा नाही. पत्रं तारेवरून काढा. टाचण्या, स्टेपलच्या पिना, रबरबँड काढून टाका. पिना गंजतात आणि रबर चिकटून बसतं. फाटलं असेल तिथे चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. घड्या हलक्या हातानं उलगडा, इस्त्री फिरवू नका. पाकीट ठेवा, कारण त्यावरच्या शिक्क्यात तारीख सापडते. पत्रावर पेनानं काही न लिहिता वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं टिपण करा. धुतलेल्या, खळ न घातलेल्या सुती कापडात गुंडाळून खोक्यात घाला. खळीला कसर लागते. खोकं माळ्यावर किंवा ओल येणाऱ्या भिंतीशी नको, कपाटाच्या मधल्या खणात ठेवा. पावसाळा सरला की एकदा उघडून सावलीत वारा द्या. मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, पण म्हणून मूळ पत्र टाकू नका.

महिला मंडळाची, शाळेची पत्रं कोणा चिटणीसबाईंच्या घरी पडून असतील, तर गठ्ठा न फोडता संस्थेला किंवा ग्रंथालयाला लेखी पोच घेऊन द्या. नाजूक मजकुराची पत्रं वेगळ्या पाकिटात बंद करून, ती किती वर्षांनी उघडावी हे वर लिहा. लिहिणाऱ्याची अब्रू राखणं हाही जतनाचाच भाग आहे.

आणि हे सगळं जमेल तेव्हा जमेल. आधी सासूबाईंना किंवा आईला जवळ बसवून कुठलं अक्षर कोणाचं, ते विचारून घ्या. खोकं उद्याही मिळेल, ते सांगणारं माणूस मिळेलच असं नाही.