धाक आणि पत

व्हिएतनामी भाषेत ‘उई’ असा एक छोटा शब्द आहे. तो मूळचा चिनी. राजाचा अधिकारी समोर येताच सामान्य माणसाची मान आपोआप खाली जाई. अधिकाराच्या त्या दराऱ्याला ‘उई’ म्हणतात. अशा अधिकाऱ्याला ‘क्वान’ ही संज्ञा होती आणि हे पद मिळविण्याचा मानाचा मार्ग म्हणजे राजपरीक्षा. १०७५ साली सुरू झालेल्या या परीक्षा १९१९ पर्यंत चालल्या. उत्तीर्ण विद्वानांची नावे कोरलेल्या ८२ शिळा हनोईच्या वाङ्मय-मंदिरात दगडी कासवांच्या पाठीवर आजही उभ्या आहेत.

अधिकारामागोमाग आप्तही येतात. ‘एक जण अधिकारी झाला की साऱ्या कुळाची सोय होते,’ अशा अर्थाची म्हण तेथे प्रचलित आहे. हा धोका ओळखूनच पंधराव्या शतकात राजा ले थान तोंग याने अधिकाऱ्यांना त्यांच्या मूळ प्रांतात नेमण्यावर निर्बंध घातले.

त्याआधी, चौदाव्या शतकात, चू वान आन नावाचे थोर आचार्य होऊन गेले. दरबारातील सात भ्रष्ट अधिकाऱ्यांना देहदंड द्यावा, असा अर्ज त्यांनी राजापुढे ठेवला. राजाने तो मानला नाही. आचार्यांनी पद सोडले, डोंगराच्या आश्रयाने राहून विद्यादान केले. १३७० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा वाङ्मय-मंदिरात त्यांना पूजेचे स्थान मिळाले. त्या सातांची नावे मात्र इतिहासाने जपली नाहीत.

वाचकहो, आता शब्दाची गंमत पाहा. ‘उई’ला ‘तिन’, म्हणजे विश्वास, जोडला की ‘उई तिन’ हा शब्द होतो. त्याचा अर्थ पत, प्रतिष्ठा. आज व्हिएतनामचा ग्राहक भरवशाच्या दुकानाचे वर्णन याच शब्दाने करतो. बँकेच्या कर्जव्यवहाराला असलेल्या ‘तिन झुंग’ या शब्दातही तोच ‘तिन’ आहे.

पेढीवर बसणाऱ्याला हा भेद नव्याने सांगावा लागत नाही. धाक गादीबरोबर मिळतो आणि गादीबरोबरच जातो. पत मात्र दिलेल्या शब्दागणिक, फेडलेल्या देण्यागणिक साठत जाते. आपल्या मुलांच्या हाती किल्ल्या सोपविताना यांपैकी नेमके काय सोपवीत आहोत, हे प्रत्येक घराने एकदा स्वतःला विचारून पाहावे.