नक्कल म्हणून नाक मुरडू नका

दुकानातल्या मोठ्या यंत्रावरचा खेळ तोच खरा, आणि घरच्या लहान यंत्रावर उतरवलेला तो निव्वळ नक्कल, असे मत आमच्या नाशकातही मोठ्या ऐटीत मांडले जाते. मांडणारे बहुधा माझ्याच वयाचे. नव्वदीच्या दशकात व्हिडिओ गेमच्या दुकानांत खिसे रिकामे केलेले. मला हे मत साफ अमान्य आहे!

जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर टू’ घ्या. १९९१ साली तो दुकानी यंत्रावर आला. त्याची नुसती चित्रेच ६ मेगाबाइटची. पुढल्याच वर्षी तो निन्टेन्डोच्या घरगुती ‘सुपर फॅमिकॉम’ यंत्रावर उतरला, तो अवघ्या २ मेगाबाइटच्या कॅसेटीतून! चित्रे, आवाज, सारे तिच्यातच बसवायचे. कारागिरांनी कात्री चालवली. पडद्याची रुंदी ३८४ ठिपक्यांवरून २५६ वर आली, पहिलवान अंगाने लहान झाले, आरंभीची मारामारीची झलक गळाली. पण आठही पहिलवान राहिले. त्यांत आपला योगी धालसिमही आला. सहा बटणांचे सहा प्रहार राहिले. आणि मुख्य म्हणजे ताल राहिला: बोट दाबताच पडद्यावरची मूठ उठली. अशा झुंजीचा प्राण तिथे असतो, मागच्या देखाव्यात नव्हे.

दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. त्यात रायगडाचा प्रत्येक चिरा असतो काय? बुरूज असतो, दरवाजा असतो, सिंहासनावर महाराज असतात. त्या किल्ल्याला कोणी नक्कल म्हणून हिणवील काय?

उलट, आपल्याकडे घरोघर शिरलेल्या स्वस्त आठ-बिट यंत्रांवरच्या विनापरवाना झुंजींच्या कॅसेटी आठवा. नावाचा आणि वेष्टनाचा थाट मोठा. आत पहिलवान मोजके, आणि साऱ्या प्रहारांना मिळून बटणे दोन. थाट राखला, ताल सांडला! त्यांना खुशाल नावे ठेवा. मात्र त्यांच्या पापाचे खापर प्रत्येक लहान यंत्रावर फोडू नका.

मोठे यंत्र परवडणारी घरे थोडीच असतात. बाकीच्यांपर्यंत चांगली वस्तू पोचवण्याचे काम आपण हलके मानले, तर चांगला कारागीर ते हाती कशाला घेईल? मग तिथे भुरटेच शिरतात, आणि साध्या घरातल्या पोरांच्या वाट्याला गाळ येतो. आज स्वस्त फोनसाठी खेळ उतरवणाऱ्यांनाही हीच नाके मुरडलेली पाहावी लागतात. त्या पोरांना उरलेसुरले पुरे, असे ज्यांना वाटते, त्यांनी ते उघड बोलावे; कलेच्या नावाखाली बोलू नये.