३० नोव्हेंबरपर्यंत लेखी उत्तर द्या

हे निवेदन नाही. निवेदनं देऊन झाली.

नागपूरच्या मिहान प्रकल्पासाठी जमिनी दिलेली गावं आणि खापरीपासून बोरखेडीपर्यंत वर्धा रोडवर राहणारे आम्ही सगळे हे लिहीत आहोत. ज्या कार्यालयाला लिहितो आहोत, त्याचं नाव घेत नाही. आमच्या अर्जांच्या प्रतींवर शिक्का त्यांचाच आहे. पोच मिळाली. उत्तर मिळालं नाही.

विषय भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात उरलेल्या विषाचा आहे.

२०११ साली तिथला सुमारे ३५० टन कचरा बोरखेडीत, संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळायचं ठरलं होतं. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने तसा आदेशही दिला होता. इथे विरोध झाला. महाराष्ट्र सरकारने नकार दिला. नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली.

एकही ट्रक आला नाही. हे लक्षात असू द्या.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये ३३७ टन कचरा १२ कंटेनरमध्ये भरून रातोरात मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला नेला. तिथले लोक रस्त्यावर आले. त्यांनी लाठ्या खाल्ल्या. जूनअखेर कचरा जाळून झाला. जाळताना त्यात चुना घालावा लागतो. म्हणून ३३७ टनांची राख आठशे टनांच्या वर गेली.

आणि कारखान्याची जागा साफ झाली का? नाही.

गेली ती फक्त शेडमध्ये रचलेली पोती. जमिनीत मुरलेलं जागच्या जागी आहे. आमच्याच नागपुरातल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने २०१० च्या अहवालात दूषित मातीचा आकडा दिला आहे: ११ लाख टन. कंपनीने १९७७ पासून कारखान्याबाहेरच्या तळ्यांत रासायनिक सांडपाणी सोडलं. ते झिरपत भूजलात गेलं. वस्त्यांमधल्या हातपंपांना लाल रंग फासला गेला, पाणी पिऊ नका म्हणून. बाया त्याच लाल पंपावर हंडा लावत राहिल्या. दुसरं पाणी नव्हतं. २०१८ पर्यंत अशा ४२ वस्त्या झाल्या होत्या.

भोपाळचे लोक आमचे वैरी नाहीत. २ डिसेंबर १९८४ ची, वायुगळतीची रात्र आम्ही विसरलेलो नाही. त्यांची माती साफ झालीच पाहिजे. पण एका गावचं विष दुसऱ्या गावात नेऊन पुरण्याला आम्ही सफाई म्हणत नाही.

आम्ही कमी दिलेलं नाही. शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही. ही शेतं होती. तिथे आज कंपन्या आहेत, एम्स आहे. विदर्भातल्या कारखान्यांचा घातक कचरा आमच्या बुटीबोरीला येतो, तेही आम्ही सोसतो. या भागातून वेणा वाहते. खाली हिंगणघाट तिचं पाणी पितं.

यापुढे एक पोतंही नाही.

भोपाळची माती किंवा पीथमपूरची राख विदर्भात आणणार नाही, असं लेखी द्या. भोपाळची जमीन आणि भूजल जागेवर कधी आणि कसं साफ करणार, ते तारखांसह जाहीर करा. खर्च डाऊ केमिकलकडून वसूल करा. २००१ पासून कार्बाइड त्यांच्या मालकीची आहे.

मुदत ३० नोव्हेंबर. ती वाढणार नाही. चर्चेचं निमंत्रण नको. आश्वासन नको. सही आणि शिक्का असलेला कागद हवा.

कागद आला नाही तर काय होईल, तेही सांगून ठेवतो.

ग्रामसभांचे ठराव झाले आहेत. वकीलपत्रावर सह्या झाल्या आहेत. ट्रॅक्टर आमचे आहेत, त्यांत डिझेल भरायला कुणाची परवानगी लागत नाही.

डिसेंबरात अधिवेशन नागपूरला असतं. मंत्री विमानतळावर उतरतात आणि वर्धा रोडने शहरात जातात. त्या रस्त्यावर आम्ही राहतो.

आमच्याकडून दगड उचलला जाणार नाही. शिवी दिली जाणार नाही. आम्ही रस्त्यावर बसू. उठायचं कधी, ते तुमचा कागद ठरवील.

२०११ सालची पोरं आता बाप झाली आहेत. यावेळी तीही सोबत आहेत.

३० नोव्हेंबरला कार्यालय बंद होईपर्यंत वाट पाहू. १ डिसेंबरला सकाळी सात वाजता आम्ही खापरी नाक्यावर असू.